तीस सेकंद

बस. ती खुर्ची नको, तिचं एक चाक निसटतं.
पंखा तीनवर ठेव,
चारवर गेला की चलनाची पुस्तकं उडतात.

आपल्याकडे चौदा सर्व्हर.
बारा इथंच, अक्कलकोट रोडच्या या शेडमध्ये,
मागांच्या खडखडाटाला पाठ लावून.
दोन कुठल्याशा परमुलखात भाड्यानं घेतलेले,
दर महिन्याला मल्लेशमशेठ बिल बघून विचारतात,
न दिसणाऱ्या खोलीला एवढं भाडं?

चौदांवर हातानं जायचं नाही.
हातानं गेलास की तेराव्यावर फोन वाजतो,
चौदावा राहून जातो,
आणि मग वर्षभर तिरकाच वागतो
लग्नात मान न मिळालेल्या मामासारखा.
म्हणून ही स्क्रिप्ट. नाव 'चढव'.
मागावर बीम चढवतात, तसं.

लिहायची कशी, ते मी आईकडून शिकले.
विडी घरकुलात आमच्या नळाला पाणी चौथ्या दिवशी,
पहाटे साडेतीनला.
आई अर्ध्या झोपेत उठते,
प्रत्येक भांड्यात आधी हात घालते.
भरलेलं सोडते.
उणं असेल तेवढंच भरते.
झोपेत विसरून पुन्हा उठली तरी
घरात पाणी तेवढंच, ओटा कोरडा.
स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवलीस
तर तिनं एवढंच म्हणावं:
सगळं जागेवर आहे, जाते मी.

पासवर्ड तिच्यात लिहायचा नाही.
जुनी आवृत्ती पुसायची नाही, शेजारी निजवून ठेवायची.
आधी कोरडी चालवून बघायची, काय करणार ते नुसतं बोलून दाखवते.
आणि शनिवारी संध्याकाळी काही चढवायचं नाही.
का, ते विचारू नकोस.

नाही, विचार. विचारायचंच.

एकेचाळिसावी ओळ बघ.
'तीस सेकंद थांब.'
वर कारण नाही, खाली कारण नाही.
रेवणसिद्ध बिराजदारनं लिहिलेली,
तो शारजाला गेला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात.
मला वाटलं, आळस. झोप आली असेल त्याला.
मी ती ओळ काढली
आणि वरच्यांना मेल केला:
प्रत्येक फेरीत अर्धा मिनिट वाचवला.

अकरा दिवस वाचला.

बाराव्या दिवशी, बेचाळीस अंशांच्या दुपारी
वीज गेली, आली, पुन्हा गेली.
सर्व्हर बॅटरीवर जागेच होते,
त्यांनी नक्षी पाठवून दिली.
मागांचे डबे अजून डोळे चोळत होते.
अर्धी नक्षी पोचली, अर्धी हवेत.
लॉगमध्ये सगळं हिरवं.
रात्रपाळीत सहाशे टॉवेल विणले गेले
'हॉटेल मयूरबन'च्या काठाचे,
त्यावर नुसतं 'हॉटेल मयू'.

रेवणला फोन लावला.
तो आधी हसला, मग म्हणाला,
"जनरेटर उठायला तेवढं लागतंय की बे.
मी दारात उभारून मोजलालो होतो, घड्याळ धरून."
मग लिहिलं का नाहीस?
बराच वेळ फक्त शारजाचा एसी ऐकू आला.
"सगळ्यांनाच माहीत होतं की," म्हणाला.

सगळे म्हणजे तो, आणि जनरेटरवाले इस्माईलचाचा.
चाचांना स्क्रिप्ट माहीत नव्हती.
मला चाचा माहीत नव्हते.

आता चाळिसाव्या ओळीवर कॉमेंट आहे.
मराठीत. लांब. चाचांच्या मोबाईल नंबरासकट.
तुझं काही सापडलं तर तिथंच खाली लिही,
चुकलेलं शुद्धलेखन चालेल,
वगळलेलं कारण नाही.

हात पुसायचे तर तो टॉवेल घे, खिळ्यावरचा.
हो, तोच. पाणी चांगलं पितो.

गेली बघ वीज.
माग थांबले की कान कसे मोठे होतात.
घाबरू नकोस, कळफलकावरचे हात काढ.
मोज माझ्याबरोबर.
एकोणीस. वीस.
चाचा चप्पल घालतायत.
चोवीस.
आता खोकेल तो एकदा.
अठ्ठावीस.