भरीव

रबाळ्याच्या शेडमध्ये, शिशाच्या दारामागे
पंपाचं कास्टिंग फिरतंय,
दर खेपेला पाव अंश.
दारावर लाल दिवा. माझ्या छातीवर बिल्ला,
माझ्या वाट्याला आलेली किरणं मोजणारा.

चौदाशे चाळीस फोटो.
एक चहा होतो, डब्यातली चपाती होते,
तोवर पडद्यावर राखाडी रंगात उभं राहतं
ओतलेलं सगळं, आतल्यासकट.
मग मी ते चिरते. कांद्यासारखं, पातळ पातळ,
फक्त सुरी नाही. चिरलेलं पुन्हा मिटतं.

मार्तंडकाका ओतारी वागळे इस्टेटहून आले होते,
स्कूटरवर पायांशी गोणपाटात माल.
दारातच बोटाच्या पेराने वाजवून दाखवला:
"ऐका ताई, टणटणीत आहे.
मडकं घेतानासुद्धा आपण वाजवूनच घेतो."

काप क्रमांक सहाशे बारा.
बोल्टच्या भोकाशेजारी जवसाएवढा काळा ठिपका.
सहाशे तेरामध्ये दोन.
सहाशे वीसला तर मूठभर सांडलेले.
काका चष्मा पुसून परत आले.
"हे कधीपासून?"
ओतलं तेव्हापासून, मी म्हटलं.
"म्हणजे मी वाजवलं तेव्हाही."
मग स्वतःशीच: वाळू ओलसर राहिली असेल,
नाहीतर पोरांनी घाई केली.
मी लाल खडूने फुली मारली
कुठेही न तुटलेल्या वस्तूवर.

पुढच्या गुरुवारी आले ते माल न घेता.
खिशातल्या रुमालातून एक पितळी ओळंबा काढला.
"सत्त्याऐंशी सालचा. माझ्या हातचा पहिला.
उस्तादांनी कानाशी धरून टिचकी मारली,
म्हणाले, भरीव.
तेवढ्या एका शब्दावर भट्टी टाकली मी.
बघता का?"

टर्नटेबलवर ओळंबा ठेवला. दार ओढलं. चावी फिरवली.
किरणं सुटण्याआधी दहा सेकंद भोंगा वाजतो.
सहाव्या की सातव्या सेकंदाला
काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.
"राहू दे."
भोंगा थांबल्यावर शेड केवढी मोठी वाटली.
"उस्तादही नाहीत आता," ते म्हणाले. "भांडू कुणाशी?"

ओळंबा न्यायला ते विसरले, की ठेवूनच गेले.
माझ्या टेबलावर रिपोर्टांवर वजन म्हणून असतो.
खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
खाणींनी अर्धा खाल्लेला,
त्याच्या आतलं काय ते येणाराजाणारा बघतो.
रात्रपाळीला कधी मी नखाने
ओळंब्यावर हलकी टिचकी मारते.
छान वाजतो.
चार पावलांवर मशीनचं दार उघडंच असतं.