खिळ्याचं भोक

वॉर्सातल्या प्रागा भागात, ट्रामच्या खडखडाटाखाली
कायेतान जुने पृथ्वीगोल दुरुस्त करतो.
कागदाच्या बारा पाकळ्या, सरसाचा उग्र वास.
आधी खळ, मग कागद, मग रोगण.
क्रम चुकला की आफ्रिकेला फोड येतात.

ओतिलिया विद्यापीठातून उशिरा येते,
बोटांना खडू, बुटांना मीठ लागलेला बर्फ.
आंबट सूप ढवळत तो दर गुरुवारी विचारतो,
तुझ्या गोलावर आपलं घर कुठाय?

माझ्या गोलावर बिंदूच नाहीत रे, ती म्हणते.
म्हणजे, एक आहे. दक्षिण टोकाला.
बाकी नुसती फलनं, आणि त्यांचे गुणाकार,
आणि तेही कसे,
बे त्रिक सहा, तीन दुणे सहा, असं इथे चालत नाही,
उलटं गुणलं की मधे q शिरतो,
चिमूटभर.

दक्षिण टोकाला तर खिळ्याचं भोक असतं,
कायेतान हसतो.
मग तो गोल आहे हे कशावरून?

फिरवून बघते.
कसाही फिरवला तरी तसाच.
आणि फिरवणारे हात,
तेही त्याच मातीचे, तेही क्रमाला बांधलेले.

सूप उतू जातं. कुणी उठत नाही.

श्चेचिनच्या गोदीत तो सहा वर्षं होता.
आधी गाडी सुटली,
मग मिल्काच्या तापाची तार आली.
दोनच गोष्टी.
त्यानंतर परत आला, त्याच जिन्याने, त्याच ट्रंकेसह,
आणि ओतिलियाने दार उघडलं.

तिच्या गटात उलट्याचं उलट केलं
तरी मूळचं हाती येत नाही,
काहीतरी वाढलेलं असतं, किंवा घटलेलं.
हे सिद्ध करायला तिला अर्धं पान पुरलं.
त्याला ती हे कधी सांगत नाही.

q एकाकडे सरकवला
की सगळे बिंदू परत येतात म्हणे,
गुळगुळीत, शाळेतला गोल,
त्यावर नद्या, बंदरं, जिने,
एखादी ताप उतरलेली मुलगी.
रात्री वहीत ती तिथवर जाते,
सीमेचं चिन्ह काढते,
आणि पान उलटून ठेवते.

पलीकडे तो शेवटची पाकळी हातात धरून
दिव्याखाली बसलाय.
जरा धर ना, तो म्हणतो,
खळ वाळायच्या आत.
ती खडूची बोटं स्कर्टला पुसते.
पॅसिफिक धरते.