दुसरी बाजू, तिसरं गाणं

अल्बमच्या पाकिटावर माझा बाप आहे.
मागच्या रांगेत, डावीकडून दुसरा,
चंदेरी सूट, काखेत ट्रॉम्बोन,
चेहऱ्यावर दाढ दुखणाऱ्या माणसाचं हसू.
आत, तबकडीत, तो नाही.

डेटन, ओहायो. साल अठ्ठ्याहत्तर.
बँडचं नाव थर्ड शिफ्ट,
कारण नऊपैकी सहा जण फ्रिजच्या कारखान्यात रात्रपाळीला
आणि तालीम सकाळी सातला
ओथा पेटिफर्डच्या गॅरेजात, गाडी बाहेर ढकलून.
शेजारच्या मिसेस टॉलिव्हर भिंतीवर झाडूचा दांडा आपटायच्या.
ओथा ड्रमवरून ओरडायचा,
बाई, लयीत आहात, थांबू नका!

पहिले दोन अल्बम असेच झाले,
सगळे एका खोलीत, एकमेकांच्या घामाच्या अंतरावर.
समेवर अख्खा बँड कोसळायचा,
जिन्यावरून फ्रिज सुटावा तसा,
आणि उरलेल्या मात्रा
तो सावरायला खाली धावायच्या.

तिसऱ्या अल्बमला कंपनीने न्यूयॉर्कहून माणूस धाडला.
लिंडक्विस्ट. पांढरे बूट, गळ्यात स्टॉपवॉच.
त्याला सम नको होती.
त्याला चारही मात्रा सारख्या हव्या होत्या,
धप् धप् धप् धप्,
म्हणजे नाचणाऱ्याला कुठूनही आत शिरता येतं.
माणूस वाईट नव्हता. सगळ्यांचे सँडविच त्याच्याच पैशांनी.
माझ्या बापाला त्याने बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून सांगितलं,
व्हर्डेल, ट्रॉम्बोन म्हणजे सोफा.
सुंदर असतो, पण दारातून जात नाही.

तरी वाजवून घेतलं सगळं. अकरा दिवस.
मग टेप न्यूयॉर्कला गेली,
तिथे कुणीतरी तीन पट्ट्या पुसल्या
आणि त्या जागी अठरा व्हायोलिनं अंथरली,
ओथाच्या ड्रमवर, लग्नाच्या टेबलावर चादर टाकावी तशी.
बापाला एकशे दहा डॉलरचा चेक आला.
त्यातून मला कोट घेतला, बाह्या लांब,
दोन हिवाळे पुरावा म्हणून.

गाणं चाललं. स्केटिंगच्या हॉलमध्ये मी त्यावर गोल गोल फिरले.
मैत्रिणी विचारायच्या, यातला तुझा बाप कुठला?
मी व्हायोलिनांकडे बोट दाखवायचे.

पुढच्या वर्षी कारखाना बंद झाला.
बाप शाळेची बस चालवू लागला,
ट्रॉम्बोन फक्त मयताला बाहेर निघायचा.

परवा, म्हणजे मी एकसष्ट, तो अठ्ठ्याऐंशी,
मुलाचे हेडफोन लावून बसले होते.
दुसरी बाजू, तिसरं गाणं. तिसऱ्या मिनिटाला
व्हायोलिनं दम घ्यायला थांबतात,
नुसता ओथा उरतो,
आणि ओथाच्या मागे
काहीतरी.
पलीकडच्या खोलीत कुणी खुर्ची ओढावी तसं.
सुई उचलली, मागे नेली. पुन्हा तेच.
खुर्ची नव्हे.
ती खाली घसरत येते, आणि घसरता घसरता थरथरते.

त्यांनी बापाची पट्टी पुसली होती.
पण ओथाच्या डोक्यावर टांगलेल्या माइकने
शेजारचंही ऐकून ठेवलं होतं,
आणि ओथाला पुसणार कसं,
सगळा नाच त्याच्यावर उभा.
चव्वेचाळीस वर्षांनी
पितळ उघडं पडलं.

मी गाडी काढली. डोळ्यांत पाणी, वायपर उगाच चालू.
त्याच्या कानांवर हेडफोन चढवले,
श्रवणयंत्र काढून ठेवलं टीव्ही गाइडवर.
तो ऐकत राहिला. उजवा हात
मांडीवरून पुढे सरकला, मागे आला.
मी थांबले, तो रडेल म्हणून.

"उशिरा आलोय मी," तो म्हणाला.
"ओथा कधीचा पुढे गेला, बघ.
ऐकलंस?"

मग म्हणाला,
आवाज वाढव.