खुराच्या ठशात

भुसावळ सोडलं तेव्हा अंधार होता.
वैजू स्कूटर चालवत होती, मी मागे,
मांडीवर दुर्बीण, फडक्यात कळण्याची भाकरी
आणि वनखात्याचा तक्ता, चार घड्या घातलेला.
केळीच्या बागांतून जाताना
एप्रिलमध्येसुद्धा गुडघे गारठतात.
मग बाग एकाएकी संपते
आणि समोर हतनूरचं पाणी.

पाणी म्हणजे, उरलंय तेवढं.
पट्टकदंब मार्चमध्येच गेले, लालसरीही गेल्या,
हौशी लोकांचे कॅमेरे त्यांच्या मागोमाग.
आता उघडी पडलेली वाळू,
भेगाळलेला गाळ,
आणि या दिवसांत कशाला येता,
असं विचारणारा एक कुत्रा.

उजवा कान मी लोको शेडला दिला,
डाव्यातला अर्धा.
बारीक आवाज आधी गेले:
कंठेरी चिखल्याची शीळ,
पातेल्यात मोहरी तडतडणं,
बायकोचं शेवटचं काहीतरी.
पेन्शन त्या सगळ्याची मिळून एकच येते.

म्हणून आमची तार मनगटावरची.
वैजू एकदा दाबते: नदी सुरय.
दोनदा: टिटवी. (ती मला अजून ऐकू येते,
तरी दाबते. मी सांगितलेलं नाही.)
नखानं ओढलेली रेघ: आर्ली.
मी मान वळवतो, आणि पक्षी असतो तिथे.
बत्तीस वर्षं मी सिग्नल मानले,
हाही मानतो.

सुपडू भोई होडी ढकलत म्हणाला,
"डोके मोजाले आले का भाऊ?
आमचे बी मोजले होते एकदा,
धरनाच्या वक्ताले."
आणि हसला. मी तक्त्यात बघत राहिलो.
तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

मधल्या वाळवंटावर उतरलो.
सुपडूनं बांबू टेकवून जागा दाखवली,
जशी कुणी बसायची खोली दाखवावी:
"हे आपलं खळं. बाप इथी दादर तुडवे.
तिथी, ते पानकावळं बसलं ना, ते हिरीचं तोंड."
पाणकावळ्यानं पंख वाळत घातले होते.
बुडालेल्या विहिरीच्या काठावर
ओलं काही वाळत घालावं,
तर याहून रीतसर कोण घालेल?

चालायला लागलो. ऊन चढत होतं.
वैजूनं एकदा दाबलं. एकदा. एकदा. एकदा.
सुरय डोक्यावर, पिवळी चोच खाली रोखून,
एवढ्या जवळ की वारा कपाळाला लागला.
ओरडत असणार. चोच उघडत होती, मिटत होती,
शेडमधल्या जुन्या साहेबासारखी.
मी हसायला लागलो
आणि पुढचा पाय उचलला.

तेव्हा तिनं सगळा हात धरला.
हा सिग्नल आमच्यात नव्हता.

पाय हवेतच.
खाली म्हशीचा खूर, हिवाळ्यातला,
चिखलात उमटून तसाच वाळलेला,
आणि त्या ठशात तीन अंडी,
वाळूच्या रंगाची, वाळूचेच डाग लावून.
बघता बघता दिसेनाशी व्हायची.
पुन्हा दिसायची. तीनच होती.
मी तीनदा मोजली.

"पाय पाहीसन ठेवजा भाऊ,"
सुपडू मागून म्हणाला, हे मला ऐकू आलं.
त्यानं खूण म्हणून दगड लावला नाही;
दगड कावळ्यालाही वाचता येतो.
आम्ही आमच्याच पावलांत पावलं टाकत
उलटे परतलो, तिघं, एकामागे एक,
आणि सुरय होडीपर्यंत सोडायला आली.

दुसऱ्या खेपेला सुपडूनं होडी
खळ्याला लावलीच नाही.
पलीकडे, गुडघाभर गाळात लावली.
जाळं खांद्यावर घेऊन तो तसाच उतरला,
लुंगी चिखलानं भरली.
विचारलं, तर म्हणाला,
"बाळंतीन हाये ना घरात."

तक्ता मी संध्याकाळी भरला.
नदी सुरय: सत्तेचाळीस.
'कसे नोंदले: पाहून / ऐकून'
यावर बराच वेळ पेन थांबलं.
वैजू आत कणीक मळत होती.
मनगटावर तिच्या बोटांची लाली
अजून गेली नव्हती.