खालच्या तुकड्याचा नमुना

विपावा खोऱ्यात वाऱ्याला नाव आहे, बुर्या.
तिच्या भीतीनं घरांच्या कौलांवर दगड ठेवलेले असतात,
कागदांवर ठेवावेत तसे.

मी माती घ्यायला गेले तेव्हा वारा पडलेला होता.
नेवेंकानं प्लास्टिकची बादली आणली;
लोखंडी नको, मी फोनवर बजावलं होतं.
पिनेलाच्या ओळींतून नागमोडी चालत
पंधरा ठिकाणी गिरमिट फिरवलं.
माती पसरून चार वाटे केले,
समोरासमोरचे दोन टाकले,
पुन्हा चार, पुन्हा दोन.
उरली अर्धा किलो.
अख्ख्या शेताची साक्ष द्यायला
एवढी पुरते म्हणतात.

म्हातारा आल्बिन बांधावर बसून पाहत होता.
"रक्त काढताना नर्स निदान बोलते तरी."

त्याच्याच दोन जुन्या चड्ड्या, निव्वळ सुती,
सुनेनं वसंतात पुरल्या होत्या:
एक वर, जिथे पूर्वी नुसतं गवत होतं,
एक इथे, खाली.
आज उकरल्या.
वरचीचं फक्त इलॅस्टिक निघालं,
बाकीची बुरशीनं, गांडुळांनी, आणखी कुणीकुणी
नावगाव न सांगता जेवून टाकलेली.
खालची अख्खी.
शिवणसुद्धा उसवली नव्हती.

आल्बिननं ती झटकली, उन्हात धरली.
"धुतली की घालता येईल."
कुणी हसलं नाही. मग तो एकटाच हसला.

बऱ्याच वेळानं म्हणाला,
चाळीस उन्हाळे. पाठीवर पंप.
मोरचूद आणि चुना, पाऊस झाला की पुन्हा.
लग्नाच्या फोटोतही नखं निळी आहेत बघ.
"केवडा एका पानावर टिकू दिला नाही मी,"
वाक्य छाती काढून निघालं होतं,
शेवटच्या शब्दापर्यंत पोचता पोचता वाकलं.

तांबं वाहून जात नाही, कुजत नाही,
वरच्या वीतभरातच बसून राहतं,
हे सांगायला मी तोंड उघडलं होतं.
पण तो मला विचारत नव्हता.

नेवेंका पिशवीवर लिहीत होती.
'पूर्वीची फवारणी' या रकान्याशी पेन अडलं.
"किती वर्षं लिहू, बाबा?"
"माझं नाव लिही."
रकाना बोटभर. नाव मावेना.
तिनं लिहिलं तरी, रेघेबाहेर जाऊन.

निघताना आरशात दिसलं:
वेलींच्या तारेवर ती धुतलेली चड्डी,
आणि म्हातारा तिला तिसरा चिमटा लावतोय.
रात्री बुर्या येणार होती.