चालेल, पण वापरू नका

कंपनीचं पत्र मंगळवारी आलं:
एकतीस मार्चनंतर आवृत्ती सहाचा आधार बंद.
खाली सही नाही. एक हसरा लोगो.

शनिवारी प्रशिक्षण, मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात.
हॉलमध्ये आदल्या रात्रीचा साखरपुडा उरलेला,
प्रोजेक्टरच्या वायरीत अडकलेली झेंडूची पाकळी.
आम्ही सत्तावीस जण. अंबडचे, सातपूरचे,
एक सिन्नरहून पहाटेच्या एसटीने आलेला.
प्रत्येकाला एक पिशवी, एक पेन, एक पासवर्ड.
माझं पेन पहिल्याच ओळीला अडलं.

शिकवणारा मुलगा, ईशान गायधनी,
माझ्या धाकट्याहून दोनेक वर्षांनी मोठा.
चांगलं शिकवतो, खोटं कशाला बोला.
पडद्यावर माझ्या ओळखीची नावं
अंगावर आडवी रेघ घेऊन येत होती, एकेक.
‘ही फंक्शनं चालतील,’ तो म्हणाला, ‘पण वापरू नका.’

असं आमच्या घरात बरंच काही आहे.
वातीचा स्टोव्ह. सासऱ्यांची स्कूटर.
माझं टायपिंगचं सर्टिफिकेट, मराठी तीस, इंग्रजी चाळीस.

तेवीस वर्षं मी पिंपळगावच्या आडत्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते.
हमाली, तोलाई, वाराई:
त्यांच्या तोंडची नावं जशीच्या तशी कोडमध्ये,
कपडे तेवढे रोमन अक्षरांचे.
आणि ओळ सहाशे बारावर क्षेमकल्याणी सरांची टीप:
‘इथे हात लावू नये.’
सर जाऊन नऊ वर्षं झाली.
हात कुणी लावला नाही.

जेवताना सिन्नरचा सांगळे शेजारी आला.
‘मॅडम, तुम्हाला समजतंय?’
‘अर्धं.’
‘मलाही अर्धंच,’ गुलाबजाम कापत तो म्हणाला,
‘मला वाटलं, दुसरं अर्धं तुमच्याकडे असेल.’

दुपारी नवा फॉर्म उघडला.
माल, दर, कर, वाहतूक, इतर.
मी हात वर केला. वाराई कुठे टाकायची?
‘वा… काय?’
गाडीतला माल उतरवणाऱ्यांची मजुरी.
‘म्हणजे हमाली?’
ती वेगळी.
‘दोन्ही ‘इतर’मध्ये जातील.’
‘जातील,’ मी म्हटलं, ‘पण पट्टी हातात पडली की भांडण होईल.’

हॉल हसला. तो नाही हसला.
चहाच्या सुट्टीत खुर्ची ओढून शेजारी बसला.
‘तुमचं जुनं दाखवा.’

ओळ सहाशे बारा.
टिपेखाली नुसते आकडे, चार पानं भरून,
पाच पाच अंकी, एकाला एक लागून.
त्याने दोन वजा केले, मग पुढचे दोन, मग पुढचे.
‘एकोणतीस,’ तो म्हणाला. ‘तीस. एकोणतीस. तीस.
दिवस मोजलेत. पण कशाचे?’

आणि मला दिसला बंद बाजार,
रिकामे ओटे, काट्यावर झाकलेलं गोणपाट.
अमावास्या!
त्या दिवशी लिलाव नाही, म्हणून पट्टी नाही.
प्रोग्रॅमने काढूच दिली नसती.
तेवीस वर्षांत कुणी काढून पाहिलीच नाही.

शेवटचा आकडा आम्ही तारखेत बदलून बघितला.
अजून काही वर्षं पुढचा आहे.
पंचांगही जिथवर छापलेलं नाही
तिथवरच्या अंधाऱ्या रात्री
सर स्वतः मोजून, भरून गेले होते.

‘नव्यात सुट्ट्यांचं वेगळं पान आहे,’ ईशान म्हणाला,
आवाज जरा खाली आणून.

प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं.
ठेटेचं थेटे. राहू दिलं.

रविवारभर आकडे नव्या पानावर नेत बसले,
प्रत्येक आधी कॅलेंडरशी ताडून.
सरांचा एकही चुकलेला नव्हता.
सगळ्यांच्या वर, जिथे टीप लिहायची जागा असते,
मी मराठीतच लिहिलं:
‘या अमावास्या आहेत.
हात लावायला हरकत नाही.
संपतील तेव्हा पुढच्या मोजून घ्या.’