इतिवृत्त, दुसरा शनिवार

स्थळ: कन्नमवार नगर, सोसायटीचं ऑफिस,
म्हणजे मीटरच्या खोलीला लागून असलेली खोली,
जिथे मंडळाचा थर्माकोलचा हत्ती
वर्षभर भिंतीकडे तोंड करून उभा असतो.
उपस्थिती सहा. हत्ती धरून सात,
असं इश्तियाक पारकर दर वेळी म्हणतात
आणि दर वेळी मी ते लिहीत नाही.

आधी बातम्या. बातम्यांना दहा मिनिटं, असा नियम.

पारकरांची कथा दिवाळी अंकाकडून परत आली.
पूर्वी निदान ‘साभार’ असायचं, ते म्हणाले,
आता नुसतीच परत.
रोझलिनबाईंचा लेख छापून आला,
खाली नाव मात्र रोशनी.
असू दे, त्या म्हणाल्या,
रोशनीनेही कधीतरी काहीतरी लिहायला हवंच होतं.
क्षीरसागरची चोरीला गेलेली स्कूटर मानखुर्दला सापडली,
डिकीतली कादंबरी नाही सापडली.
‘एक वाचक तरी मिळाला,’ कुणीतरी म्हणालं,
आणि क्षीरसागर हसला, पण जरा उशिरा.

मग इंदुमती पोंक्षे,
चौतीस वर्षं गिरगावच्या छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या,
पिशवीतून चष्मा काढता काढता म्हणाल्या,
‘रिपोर्ट आला. तोच आहे.
पुढचं कोण?’

माझं पेन थांबलं.
मीटरच्या खोलीतली घरघर तेवढी चालू राहिली.
त्यांनी माझ्या वहीत डोकावून पाहिलं.
‘लिहा की. कर्करोग.
रफार दुसऱ्या क वर. पहिल्यावर नको.’

मी लिहिलं.
रफार थोडा मोठाच आला.

नंतर वाचन.
लिफ्ट दुरुस्त करणारा हिराजी घरत
तीन बैठका तीच कविता आणतोय,
दर वेळी एक शब्द बदलून.
त्याचा बाप चिंबोऱ्या धरायला गेला
आणि भरतीच्या आत परतला नाही.
मार्चमध्ये ‘खाडीने गिळला’ होतं.
एप्रिलमध्ये ‘खाडीने नेला’.
या वेळी ‘घेतला’.

या एका शब्दाला पाऊण तास लागला.
नेलाच बरं, पारकर म्हणाले,
नेलेला माणूस कुठेतरी पोचतो तरी.
क्षीरसागरला गिळलाच हवं होतं, त्यात राग आहे म्हणून.
‘राग कुणावर? पाण्यावर?’ रोझलिनबाई म्हणाल्या.
चहा आला, त्यावर साय धरली,
आवाज इतके चढले की पहिल्या मजल्यावरून
कुणीतरी जिन्यात येऊन उभं राहून गेलं.

इंदुमतीबाई इतका वेळ लाल पेन्सिलीला टोक करत होत्या.
टोक करून झाल्यावर त्यांनी विचारलं,
‘तुझी आई काय म्हणायची?’

हिराजी हत्तीच्या पाठीकडे बघत राहिला.
‘आय म्हणायची,
बापूस खारीन रायला.’

रायला.

म्हणजे कुणी नेला नाही, कुणी घेतला नाही.
कामाला गेला, उशीर झाला,
म्हणून तिकडेच राहिला.

‘तसंच ठेव.’
‘राहिला करू का, बाई? शुद्ध?’
‘हात लावशील तर बघ.’

माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत सात चुका काढून
ती आहेराच्या पाकिटात घालून परत देणारी ही बाई.
तिने त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला
आणि समासात काहीच लिहिलं नाही.

शेवटी वर्गणी. वर्षाचे तीनशे.
इंदुमतीबाईंनी दीडशे मोजून ठेवले.
‘सहा महिन्यांचे घ्या. उरले तर बघू.’

उरले: महिने, की त्या?
वाक्यात कर्ता नव्हता.
चौतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासणाऱ्या बाईकडून
तो चुकून राहिला असेल
असं मला वाटत नाही.

पावती फाडली. क्रमांक एकशे बारा.
चहाचे साठ रुपये क्षीरसागरने दिले, ते त्याला देणं.
पुढची बैठक दुसऱ्या शनिवारी, पाच वाजता.
हत्तीसह सात.